मासेखेत संपत आली? मग सियुमची तयारी अशी करा

तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथाची एक मासेखेत, म्हणजे त्यातला एक अख्खा भाग, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शिकून झाली की ज्यू लोकांत सियुम, म्हणजे समाप्तीचा सोहळा, करतात. दहा माणसं जमवायची, शेवटच्या काही ओळी सगळ्यांसमोर शिकायच्या, हद्रान (मासेखेतच्या निरोपाचा मजकूर) म्हणायचं, कद्दिश (देवाच्या स्तुतीची प्रार्थना) म्हणायचं आणि मग जेवायचं. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याची गडबड जेवणात नाही होत, तारखेत होते. आधी हॉल बुक होतो, पाहुण्यांना मेसेज जातात, मटण किती किलो ते ठरतं आणि आदल्या रात्री कळतं की अजून सहा पानं बाकी आहेत, मग ती कशीतरी डोळ्याखालून घालायची, आणि ज्यासाठी सगळा थाट मांडला तेच राहून जातं. म्हणून या लेखात तारखेचं गणित आधी आहे आणि जेवण सगळ्यात शेवटी.

मुळात ही पद्धत जुनी आहे. शब्बात नावाच्या मासेखेतमधे आबाये नावाचे बाबिलोनचे गुरू सांगतात की एखाद्या विद्यार्थ्याने मासेखेत पूर्ण केलेली दिसली की मी सगळ्या पंडितांना मेजवानी देतो. म्हणजे शिकला दुसराच आणि जेवण घातलं यांनी! हे लक्षात ठेवा, कारण पुढे पेसाह सणाच्या आदल्या दिवसाच्या सियुममधे याचाच उपयोग होतो, की आनंद एकट्या शिकणाऱ्याचा नसतो, जो येऊन बसला त्याचा पण असतो. नंतर सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोच्या रब्बी (धर्मगुरू) मोशे इस्सर्लेस यांनी (यांना सगळे रेमा म्हणतात) लिहून ठेवलं की मासेखेत संपल्यावर आनंद करणं, जेवण करणं ही मित्स्वा (धर्माने सांगितलेलं काम) आहे, आणि ते जेवण साधं जेवण नाही तर सेउदात मित्स्वा, म्हणजे मित्स्वाचं जेवण.

आधी हे बघा की सियुम कशावर करताय

बाबिलोनी तालमूदमधे गेमारा (मिश्नावरची चर्चा) असलेल्या ३७ मासेखेत आहेत, त्यातली कुठलीही एक पूर्ण केली की सियुम होतो, यात कोणाचं दुमत नाही. मिश्ना म्हणजे तालमूदचा मूळ गाभा, तिचा एक अख्खा सेदेर (विभाग, असे सहा आहेत) संपवला तरी होतो. मिश्नाच्या एकाच छोट्या मासेखेतवर चालेल का यावर मतं वेगळी आहेत, तनाखचं (हिब्रू बायबलचं) एखादं पुस्तक भाष्यासकट खोलात शिकलात तर रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी ते चालतं असं सांगितलंय. तुमच्या सिनगॉगच्या (प्रार्थनाघराच्या) रब्बीला विचारून घ्या, हे काम फोनवर दोन मिनिटांत होतं.

पण एक गोष्ट, नुसतं वाचून काढणं चालत नाही. पारायणात जसं पाठ पूर्ण होणं महत्त्वाचं असतं तसं इथे नाही, इथे प्रश्न काय होता, एकाने काय उत्तर दिलं, दुसऱ्याने ते का खोडलं हे समजायला पाहिजे, निदान ढोबळ तरी.

पहिल्यांदा करणाऱ्याने छोटी मासेखेत घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. तालमूदचं पान म्हणजे दाफ, त्याला दोन बाजू, एका बाजूला अमूद म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक मासेखेत पान २ पासून सुरू होते (पान १ शोधत बसू नका, नसतं). मक्कोत पान २४ ला संपते, तआनीत ३१ ला, मेगिल्ला ३२ ला. बेराखोत पहिली मासेखेत म्हणून लोक उत्साहाने तीच उघडतात, ती ६४ पानांपर्यंत जाते, गोष्टी खूप आहेत त्यामुळे कंटाळा येत नाही, पण वेळ लागतो. बाबा बात्रा १७६ पानांपर्यंत आहे, तिकडे आत्ता बघू पण नका. एरुविन आणि येवामोत पण नको, पहिलीमधे माप आणि भिंती, दुसरीमधे नात्यांचा असा गुंता की वहीत वंशवेल काढत बसावं लागतं.

आता तारखेचं गणित

मक्कोत घेतलीत असं धरू. पान २ ते २४ म्हणजे २३ दाफ, म्हणजे ४६ अमूद. रोज एक अमूद केला तर दीड महिना. पण रोज होत नाही हो, ताप येतो, लग्न असतं, ऑफिसात महिनाअखेर असते, म्हणून दीड महिन्याचे दोन महिने धरा आणि तारीख त्यानंतरची ठेवा. हव्रुता, म्हणजे शिकायचा जोडीदार, असेल तर गाडी चालू राहते, कारण समोरचा वाट बघत बसलाय म्हटल्यावर उठावंच लागतं. अरामी भाषेची भीती असेल तर स्टाइनसाल्झ आवृत्ती घ्या, किंवा आर्टस्क्रोलची ७३ खंडांची इंग्रजी आवृत्ती आहे त्यातला तुमचा खंड, आणि पैसे घालायचे नसतील तर सेफारिया या साइटवर सगळं फुकट आहे, भाषांतरासकट.

आणि आता सगळ्यात कामाची युक्ती. शेवटच्या काही ओळी शिल्लक ठेवायच्या. सगळं शिकून घ्या, पण शेवटचा छोटा तुकडा, पाच-सात ओळी, सियुमच्या दिवशी लोकांसमोर शिकायला राखून ठेवा. ही पळवाट नाही, ही जुनी आणि मान्य पद्धत आहे, शुभ दिवस गाठायचा म्हणून शेवट थांबवून ठेवता येतो असं शाख या रब्बींनी शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथावरच्या भाष्यात लिहिलंय. म्हणजे तुमचं शिकणं गुरुवारी संपलं आणि सगळे मोकळे रविवारी आहेत तरी काही अडत नाही. उलटं मात्र करता येत नाही, रविवार आला आणि दहा पानं राहिली तर सियुम नाही, नुसतं जेवण.

कुठले दिवस लोक मुद्दाम निवडतात

तसा कुठलाही दिवस चालतो. पण तीन प्रसंग असे आहेत जिथे सियुमला वेगळंच वजन येतं.

पहिला पेसाहचा आदला दिवस. इजिप्तमधे थोरली मुलं मेली आणि इस्राएलांची वाचली, त्याची आठवण म्हणून घरातल्या थोरल्या मुलाने त्या दिवशी उपास करायचा असतो. पण सियुमच्या जेवणात बसला तर उपास सुटतो, तो सुटला की मग दिवसभर खाता येतं. म्हणून जगभर त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर सिनगॉगमधे कोणीतरी सियुम करतो आणि मागे थोरल्या मुलांची ही गर्दी असते, एरवी न दिसणारे चेहरे पण हजर. तुम्ही थोरले असाल तर शेवटच्या ओळी ऐका, जमेल तेवढं समजून घ्या, आणि तिथेच काहीतरी तोंडात टाका, नुसतं येऊन गेलं असं नको. सियुम करणारे तुम्ही असाल तर वेळ सांभाळा, कारण त्याच सकाळी हामेत्स (पाव-केकसारखं धान्याचं आंबवलेलं खाणं, पेसाहात बंद) खायची मुदत संपते, केकचे तुकडे खिशात घेऊन कोणी घरी गेला तर घरच्यांनी आठवडाभर केलेली साफसफाई पाण्यात. फळं, सुकामेवा, पेय ठेवा, डोक्याला ताप नाही. पेसाह शनिवारी रात्री सुरू होत असेल तर हा उपास मागे गुरुवारी येतो, तेव्हा सियुम पण गुरुवारी. २०२० ला कोरोनात सिनगॉग बंद होती तेव्हा बऱ्याच रब्बींनी फोनवर किंवा झूमवर सामील झालात तरी चालेल असं सांगितलं होतं, पण तो अडचणीतला मार्ग, रोजचा नाही.

दुसरा प्रसंग आव महिन्याचे पहिले नऊ दिवस, तिशा बावच्या (९ आवचा, मंदिराच्या नाशाच्या शोकाचा उपास) आधीचे. कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे मराठी ज्यूंकडे, तिशा बावला बिरड्याचा सण म्हणायचे, उपास बिरडं खाऊन सोडायचे म्हणून. या दिवसांत मटण आणि वाइन बंद असते. पण सियुमचं जेवण मित्स्वाचं, म्हणून तिथे बसलेल्यांना चालतं, रेमाने तसं लिहिलंय, आणि तिशा बाव ज्या आठवड्यात येतो त्या आठवड्यात मात्र मोजकीच माणसं, मिन्यानपुरती (दहा जण). आता यात लबाडी करायचा मोह होतो, कुठलीतरी मासेखेत ओढूनताणून त्याच आठवड्यात संपवायची आणि कबाब लावायचे. शिकणं आपसूक तिथे आलं तर आनंदाने करा, पण नुसत्या मटणासाठी तारीख जमवणं अनेक रब्बींना पटत नाही आणि मला पण नाही. या दिवसांत करायचाच असेल तर तआनीत घ्या, तिच्या चौथ्या अध्यायात १७ तम्मूझ आणि ९ आव या दोन दिवशी काय काय संकटं आली ते सगळं आहे, दिवसाला शोभतं.

तिसरा, कोणी गेलं असेल तर. तीस दिवसांत किंवा वर्षाच्या यार्त्सायतला (पुण्यतिथीला) त्या माणसाच्या नावाने सियुम करतात. इथे एकट्याने सगळं शिकायची गरज नाही, मिश्नाच्या ६३ मासेखेत नातेवाईक-मित्रांत वाटून घेतात. शीट बनवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, ज्याला जी जमेल त्याने तिच्यासमोर नाव लिहायचं, आणि एक आठवडा आधी कोणीतरी प्रत्येकाला विचारायचं की झालं का. हा विचारणारा माणूस नेमणं फार गरजेचं आहे, नाहीतर शेवटच्या दिवशी आठ मासेखेत बेवारस निघतात.

दहा माणसं

कद्दिशसाठी मिन्यान लागतो, परंपरेने तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, काही समाजांत बायका पण मोजतात. दहा नाही जमले तरी सियुम रद्द होत नाही, हद्रान म्हणा, जेवा, फक्त कद्दिश सोडा. पण दहाच जमवायचे असतील तर बोलवा चौदा-पंधरा. मुंबईत काय आणि इस्राएलमधल्या लोदमधे काय, दहातला एक ट्रॅफिकमधे असतोच.

प्रत्यक्ष कार्यक्रम

आधी दोन वाक्यांत सांगा की कुठली मासेखेत, कशाबद्दल आहे. मग राखून ठेवलेल्या शेवटच्या ओळी वाचा, मूळ वाचा आणि लगेच सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगा. इथे घाई करू नका. मागे जेवणाचा वास सुटला म्हणून लोक हा भाग गुंडाळतात आणि नंतर गाण्यांना एक तास देतात, हे उलटं आहे.

यानंतर बोलायचं असेल तर बोला, याची एक जुनी रीत आहे, मासेखेतचा शेवट तिच्या सुरुवातीला जोडून दाखवायचा. अवघड वाटतं पण मक्कोतमधे हे आयतं मिळतं बघा. मक्कोतच्या शेवटी गोष्ट आहे की रब्बान गमलिएल, रब्बी एलाझार बेन अझार्या, रब्बी येहोशुआ आणि रब्बी अकिवा जेरुसलेमला चालले होते. स्कोपस डोंगरावर पोचल्यावर त्यांनी दुःखाने कपडे फाडले. मंदिराच्या टेकडीपाशी आले तर परमपवित्र स्थानातून एक कोल्हा बाहेर पडताना दिसला. तिघं रडायला लागले आणि अकिवा हसले. का हसलास? तर अकिवा म्हणाले, यशयाच्या पुस्तकात देव दोन खरे साक्षीदार घेतो, उरिया आणि जखऱ्या, एकाने नाशाचं भविष्य सांगितलं आणि दुसऱ्याने सांगितलं की जेरुसलेमच्या रस्त्यांत पुन्हा म्हातारे-म्हाताऱ्या बसतील, पहिल्याचं खरं झालेलं डोळ्यांनी बघतोय, म्हणजे दुसऱ्याचं पण होणार. तेव्हा बाकीचे म्हणाले, अकिवा, तू आमचं सांत्वन केलंस, आणि हे दोनदा म्हणाले. आता मासेखेतचं पहिलं पान उघडा. तिथे पहिलाच प्रश्न आहे की साक्षीदार खोटे कसे ठरतात. खोट्या साक्षीदारांपासून सुरू झालेली मासेखेत खऱ्या साक्षीदारांवर संपते! एवढं पाच मिनिटांत सांगितलंत तरी भाषण झालं. दुसऱ्या मासेखेतसाठी असंच करा, पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवा आणि कुठला शब्द, कुठला माणूस दोन्हीकडे येतो ते शोधा, नाही सापडलं तर ओढाताण करू नका, शेवटची गोष्टच नीट सांगा.

मग हद्रान. हा मजकूर मासेखेतच्या शेवटी छापलेलाच असतो. तीनदा म्हणायचा, त्यात आपल्या मासेखेतचं नाव घालायचं:

हद्रान अलाख मासेखेत मक्कोत वे-हद्राख अलान, दाअतान अलाख मासेखेत मक्कोत वे-दाअताख अलान, लो नितनशे मिनाख मासेखेत मक्कोत वे-लो तितनशे मिनान, लो बे-आल्मा हादेन वे-लो बे-आल्मा दे-आते.

आम्ही तुझ्याकडे परत येऊ आणि तू आमच्याकडे ये, आमचं मन तुझ्यावर आणि तुझं आमच्यावर, आम्ही तुला विसरणार नाही आणि तू आम्हाला विसरू नकोस, या जगात पण नाही आणि येणाऱ्या जगात पण नाही. पुस्तकाशी माणसाशी बोलावं तसं बोलतात. पाहुण्यांना याचा अर्थ आधी सांगा, मग त्यांना पण तुमच्याबरोबर म्हणता येतं.

त्याच्याच पुढे रव पापाच्या दहा मुलांची नावं येतात: हनीना बर पापा, रामी बर पापा, नहमान बर पापा, अहाई बर पापा, अब्बा मारी बर पापा, रफ्राम बर पापा, रखिश बर पापा, सुरहाव बर पापा, अदा बर पापा, दारू बर पापा. हो, शेवटच्याचं नाव दारूच आहे, आणि मराठी पोरं समोर असतील तर तिथे हशा पिकणार हे धरूनच चाला. गंमत म्हणजे रव पापा खजुराची बिअर बनवायचे, तालमूदमधेच तसं आहे. नावं का म्हणायची, तर शिकलेलं विसरू नये म्हणून, अशी परंपरा आहे, शिवाय असं पण सांगतात की रव पापा मासेखेत संपली की आपल्या मुलांसोबत मोठी मेजवानी द्यायचे.

नंतरच्या प्रार्थनेत आभार आहेत, की देवा आमचा वाटा तू अभ्यासघरात बसणाऱ्यांत ठेवलास, नाक्यावर बसणाऱ्यांत नाही, आम्ही पण पळतो आणि ते पण पळतात, आम्ही येणाऱ्या जगाकडे आणि ते खड्ड्याकडे. हे जरा कडक आहे. बेराखोतमधे रब्बी नेहुन्या बेन हकाना अभ्यासघरातून निघताना हे म्हणायचे, तिथून ते आलंय. दुसऱ्या धर्माचे मित्र बोलावले असतील तर एका वाक्यात सांगून टाका की हे टाइमपास करणाऱ्यांबद्दल आहे, त्यांच्याबद्दल नाही.

मग कद्दिश. अश्केनाझी (युरोपातले) लोक इथे एक लांब कद्दिश म्हणतात, त्यात जग नवं होईल, मेलेले उठतील, जेरुसलेम आणि मंदिर पुन्हा बांधलं जाईल असं येतं, आणि हेच कद्दिश दफन झाल्यावर कबरीपाशी म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. बरेच सेफार्दी (मूळ स्पेनकडचे) मात्र सियुमला ते न म्हणता नेहमीचं अभ्यासानंतरचं ‘अल यिस्राएल’वालं कद्दिश म्हणतात, आणि बेने इस्राएल सेफार्दी पद्धतीने चालतात तेव्हा आपल्या सिनगॉगमधे हजानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) आधी विचारा. लांबवालं म्हणणार असाल तर घरी मोठ्याने तीन-चारदा म्हणून बघा, अरामी आहे, जीभ अडखळते. ज्यांचे आईवडील हयात आहेत ते काही जण कद्दिश दुसऱ्याला म्हणायला देतात, ते पण आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी एकमेकांकडे बघत बसू नका.

कद्दिश झालं की शाबासकी म्हणून अश्केनाझी म्हणतात यशर कोआख, सेफार्दी म्हणतात हजाक उ-बारूख, आणि सिमान तोव उ-मझल तोव हे गाणं सुरू होतं. नाचायचं असेल त्यांनी नाचा.

जेवण

हात धुऊन पावाचं रीतसर जेवण केलंत तर उत्तम, पण सकाळी सिनगॉगमधे असेल तर केक, हेरिंग मासा आणि लेहायिमच्या घोटावर पण लोक भागवतात. मराठी घरात सोपं जातं, कारण आपल्याकडे मटणाबरोबर दूध नको म्हणून नारळाचं दूध वापरायची सवयच आहे, मटण, भात, आणि गोडाला नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा केलात की कश्रूतची (खाण्याच्या नियमांची) भानगड नाही. बजेट कमी असेल तर मेन्यू कमी करा, माणसं कमी करू नका.

उठायच्या आधी

पुढची मासेखेत तिथेच उघडा. पहिली मिश्ना, निदान पहिली ओळ वाचा. सिम्हात तोराच्या सणाला तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचून संपल्या संपल्या लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचतात तसंच हे, संपवून मोकळे झाले असं कोणी म्हणू नये म्हणून. पुढची कुठली हे ठरलेलं नसेल तर पुस्तकच समोर नसतं, म्हणून ते पण त्या दिवशीच्या सामानाच्या यादीत लिहा.

आणि तो मोठा स्टेडियमवाला सियुम

तो दाफ योमीचा. रोज एक दाफ, सगळं जग एकाच पानावर, ही कल्पना रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ मधे व्हिएन्नाला अगुदात इस्राएल या ज्यू संघटनेच्या पहिल्या जागतिक अधिवेशनात मांडली आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला, रोश हशानाला (ज्यू नववर्षाला), पहिलं पान सुरू झालं. पहिला सियुम १९३१ ला, लुब्लिनच्या त्यांच्याच येशिवात (तालमूदच्या पाठशाळेत) मोठा सोहळा झाला. ते १९३३ ला वारले. तिसरं चक्र १९४५ ला संपलं, त्याच्या मधल्या वर्षांत युरोपात काय झालं ते सांगायला नको. आता एका चक्रात २७११ पानं असतात, म्हणजे जवळपास साडेसात वर्षं. तेराव्या चक्राचा सियुम १ जानेवारी २०२० ला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममधे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, सुमारे ९० हजार लोकांनी केला, आणि चारच दिवसांनी जेरुसलेमच्या बिन्यानेई हाउमा सभागृहात ३ हजारांवर बायका आपल्या सियुमला जमल्या, ते बघून मला स्टेडियमपेक्षा जास्त बरं वाटलं.

चौदावं चक्र ७ जून २०२७ ला निद्दा मासेखेतच्या शेवटच्या पानावर संपतं, शावुओत सणाच्या तोंडावर, आणि ८ जूनला बेराखोतच्या पान २ पासून पंधरावं सुरू. दाफ योमीत घुसायला नव्या चक्राची वाट बघायची गरज नसते, आज जी मासेखेत चालू आहे ती संपू द्या, पुढचीच्या पहिल्या दिवशी उडी मारा, ती संपली की तुमचा स्वतःचा छोटा सियुम करा, आणि मागची राहिलेली पुढच्या फेरीत येतीलच. रोजचा अख्खा दाफ झेपत नसेल, बऱ्याच जणांना नाही झेपत, तर रोज एक अमूद करणारे गट पण आहेत, त्यांना दुप्पट वेळ लागतो पण त्यांच्या सियुमला पण मटण तेवढंच चांगलं असतं.